बागेतला राजाचा पुतळा नीट बघायचा कसा

पुतळ्याजवळ गेल्यावर पाटी आधी वाचू नका. ही पहिली गोष्ट आणि तीच सगळ्यात अवघड, कारण डोळे आपोआप अक्षरांकडे जातात, आणि नाव नि सन वाचून झालं की वाटतं झालं बघून, मग वर बसलेल्या माणसाकडे बघायचं राहूनच जातं. म्हणून पाटी शेवटी. आधी हळूहळू एक पूर्ण फेरी मारायची, आणि मागच्या बाजूला मुद्दाम थांबायचं, कारण मागे फारसं कोणी येत नाही हे शिल्पकाराला पण माहीत असतं, तरी त्याने तिथे अंगरख्याच्या चुण्या, खोगिराचे पट्टे, घोड्याच्या मांडीचे स्नायू किती मनापासून केलेत ते बघितलं की काम कोणत्या दर्जाचं आहे ते लगेच कळतं.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की राजाचा पुतळा राजाबद्दल जितकं सांगतो ना, त्याहून जास्त तो उभारणाऱ्यांबद्दल सांगतो. कोणी उभारला, कधी, पैसे कोणाचे, आणि तेव्हाच का. हे सगळं पुतळ्यावर आणि त्याच्या आसपासच असतं, फक्त बघायची सवय लागते, त्याला कुठली डिग्री लागत नाही, एक सकाळ आणि हातातला फोन पुरतो.

वेळेचं सांगतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं असताना, दुपारी डोक्यावर सूर्य असला की मुकुटाची नाहीतर भुवयांची सावली चेहऱ्यावर पडते आणि डोळे दिसतच नाहीत. बघायला उभं राहायचं ते चौथऱ्यासकट पुतळा जेवढा उंच असेल त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर. अगदी पायाशी उभं राहिलात तर घोड्याचं पोट आणि राजाची हनुवटी एवढंच दिसणार. पुतळा खालून बघितला जाणार हे माहीत असल्यामुळे बरेच शिल्पकार डोकं आणि खांदे थोडे मोठे करतात, म्हणजे योग्य अंतरावरून सगळं प्रमाणात वाटतं, आणि हे अंतर सापडलं की पुतळा एकदम "बसतो", ते जाणवतंच. मग तिथून फोनने झूम करून चेहरा, हात, तलवारीची मूठ, लगाम असं एकेक बघत जायचं.

आता पुतळा कशाचा आहे ते ओळखायचं. ब्राँझ असेल तर रंग तपकिरी, काळपट किंवा हिरवट असतो, आणि नीट बघितलं तर जिथे पाऊस थेट धुतो तिथे फिकट हिरवे ओघळ आणि जिथे आडोसा आहे, काखेत, हनुवटीखाली, घोड्याच्या पोटाखाली, तिथे काळं. ब्राँझमधलं मुख्य म्हणजे तांबं, त्याच्यात कथील, आणि तांब्याची हवेतल्या ओलाव्याशी आणि गंधकाच्या वायूंशी रिअॅक्शन होऊन हा थर येतो. हा थर म्हणजे घाण नव्हे हे कृपा करून लक्षात घ्या, एकसंध घट्ट थर असेल तर तो खालच्या धातूला सांभाळतो. समुद्राजवळच्या पुतळ्यांवर मात्र कधीकधी फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसतात, बोटाला लागतील असे, ते मिठातल्या क्लोराइडचं काम आणि ते धातू आतून खात जातं, त्याचा फोटो काढून ठेवा. काही पुतळे लांबून ब्राँझ वाटतात पण असतात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, छोटा चुंबक नुसता जवळ नेऊन बघा, ब्राँझला चिकटणार नाही, बिडाला चिकटेल, आणि बिडाला गंजाचे तांबूस ओघळ पण येतात. संगमरवर असेल तर नाकाच्या, बोटांच्या कडा बघायच्या, शहराच्या हवेतल्या आम्लाने संगमरवर हळूहळू विरघळतो आणि पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत होतो, जुन्या राण्यांच्या पुतळ्यांवरची लेसची नक्षी आधी जाते ती यामुळेच. फायबरचा असेल तर रंगाचे पोपडे निघालेले असतात, ते कळतंच.

घोड्यावर बसलेला राजा असेल तर मात्र वेळ काढून या, कारण खरी गंमत घोड्यात असते. ब्राँझचा मोठा पुतळा आतून पोकळ असतो, भिंत काही मिलिमीटरचीच, आधी मातीचं मॉडेल, त्याचा प्लास्टरचा साचा, त्यात मेणाचा थर, भोवती उष्णता सहन करणारं आवरण, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी ब्राँझ ओतायचं, आणि मोठं काम असेल तर तुकड्यातुकड्यात ओतून नंतर जोडायचं. ते सांधे शोधून बघा, पट्ट्याखाली, झुलीच्या काठावर, मानेच्या आयाळीत लपवलेले असतात. आता एवढं सगळं वजन घोड्याच्या चार बारीक पायांवर, आणि त्यातला एक पाय उचललेला पाहिजे, कारण चारही पाय जमिनीला टेकलेला घोडा मेल्यासारखा उभा दिसतो. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियसचा पुतळा इसवी सन 175 च्या आसपासचा, त्यात पुढचा एक पाय वर आणि तीन खाली, आणि पुढे शेकडो वर्षं युरोपात जवळजवळ सगळ्यांनी हाच नमुना गिरवला. तो पुतळा वाचला कसा हे पण ऐकण्यासारखं आहे, ख्रिस्ती काळात जुन्या सम्राटांचे ब्राँझ पुतळे वितळवले गेले पण हा कॉन्स्टंटाइनचा, म्हणजे ख्रिस्ती धर्माला आसरा देणाऱ्या सम्राटाचा आहे असा लोकांचा समज होता म्हणून याला हात लागला नाही. 1538 साली तो कॅपिटोलिन टेकडीवर आणला, आज मूळ पुतळा तिथल्या म्युझियममध्ये आत आहे आणि चौकात त्याची प्रतिकृती.

दोन पाय उचललेला घोडा हा त्याच्या पुढचा पल्ला. माद्रिदच्या प्लाझा दे ओरिएंते बागेत स्पेनच्या चौथ्या फिलिपचा पुतळा आहे, फ्लॉरेन्सच्या पिएत्रो ताक्काने 1640 साली पूर्ण केलेला, त्यात घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, आणि तोल कसा सांभाळायचा यासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात. त्या पुतळ्यासमोर उभे राहिलात किंवा त्याचा मोठा फोटो काढून बसलात तर शेपटी बघा, ती खाली टेकलेली आहे, म्हणजे पाय दोन आणि आधार तीन. सेंट पीटर्सबर्गच्या पीटर द ग्रेटच्या पुतळ्यात फ्रेंच शिल्पकार फाल्कोनेने याच अडचणीवर साप घातलाय, घोडा सापाला तुडवतोय असं दिसतं, सापाचा अर्थ शत्रू आणि फितुरी असा लावला जातो, पण शेपटी त्या सापाला टेकते आणि तिसरा आधार मिळतो. अर्थ आणि इंजिनिअरिंग एकाच वस्तूत. म्हणून कुठल्याही पुतळ्यात झाडाचा बुंधा, तोफ, ढाल, लोंबणारा झगा असं काही पायाशी दिसलं की आधी विचारायचं की हे वजन पेलतंय का. संगमरवरात उभ्या माणसाला तर बुंधा किंवा तसा काहीतरी आधार बहुतेक असतोच, कारण दगडाच्या नुसत्या घोट्यांवर एवढं वजन सहसा पेलत नाही.

या पायांवरून एक गोष्ट जाताजाता. घोड्याचे दोन्ही पाय वर असले तर राजा लढाईत मेला, एक वर असला तर जखमी होऊन मेला, चारही खाली असले तर नैसर्गिक मृत्यू, असा एक "कोड" सगळीकडे फिरत असतो. तो खरा मानू नका. वरचीच उदाहरणं घ्या, चौथा फिलिप आणि पीटर दोघांचे घोडे मागच्या पायांवर आणि दोघेही लढाईत मेलेले नाहीत. शिल्पकार पाय ठरवतो तो तोल, खर्च, जागा आणि दिमाख बघून.

कपड्यांकडे आता. राजाने त्याच्या स्वतःच्या काळातले कपडे घातलेत का दुसऱ्याच कुठल्या काळातले, हे बघितलं की पुष्कळ उलगडतं. लंडनच्या ट्राफल्गार चौकातला चौथा जॉर्ज बघा, चँट्रीने केलेला, राजा एकोणिसाव्या शतकातला आणि घोड्याला खोगीर नाही, रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची कडी, तीही नाही. कारण रोमन सम्राटांना रिकीब नव्हती, मार्कस ऑरेलियसचे पाय पण मोकळेच लोंबतात, आणि या राजाला त्या रांगेत बसवायचं होतं. रिकीब आहे का नाही हे तपासायला पाच सेकंद लागतात. तसंच हातात काय आहे ते बघा, राजदंड आणि राजचिन्हाचा गोळा म्हणजे राज्याभिषेकाचा राजा, कागदाची गुंडाळी म्हणजे कायदे देणारा किंवा कारभारी, तलवार उपसलेली का म्यानात, हात पुढे पसरलेला का कमरेवर. यातलं काहीच चुकून झालेलं नसतं, हे आधी कमिटीत ठरतं, पत्रव्यवहार होतो, मॉडेल दाखवून मंजुरी घेतात.

चेहऱ्याच्या बाबतीत सरळ प्रश्न: शिल्पकाराने हा माणूस बघितला होता का? लंडनला पार्लमेंटच्या बाहेर पहिल्या रिचर्डचा मारोकेट्टीने केलेला मोठा ब्राँझ पुतळा आहे, तिथे 1860 साली बसवला, आणि राजा गेला 1199 साली. मधे साडेसहाशे वर्षं. तो चेहरा म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातल्या लोकांना शूर राजा कसा हवा होता त्याचा चेहरा. उलट बाजूचं उदाहरण इंग्लंडच्याच पहिल्या चार्ल्सचं, ह्युबर्ट ल सुएरने 1633 सालात राजा जिवंत असताना पुतळा केला, खरं तर तो राजाच्या खजिनदाराच्या बागेसाठी करायला सांगितला होता, पण चार्ल्स ठेंगणा होता आणि पुतळ्यातला राजा चांगला उंच आहे. म्हणजे समोर बघून केला तरी खरा असेलच असं नाही. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा पुण्याचा अश्वारूढ पुतळा विनायक करमरकरांनी केला, त्याचं अनावरण 1928 साली झालं, महाराजांना जाऊन तेव्हा जवळपास अडीचशे वर्षं झाली होती, हाताशी जुनी चित्रं आणि बखरींतली वर्णनं, बाकी सगळं शिल्पकाराला उभं करायचं होतं. अशा पुतळ्यासमोर "हुबेहूब आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि मान किती ताठ आहे, नजर कुठे लागलीय, लगाम सैल का खेचलेला, हे बघत बसा, शिल्पकाराने राजा कसा कल्पला ते तिथे आहे.

आता चौथऱ्याकडे यायला हरकत नाही, पण पाटीच्या आधी सही. ब्राँझचा पुतळा ज्या पातळ ब्राँझच्या पायावर उभा असतो त्याच्या काठाने बोटभर उंचीत फिरून बघा, घोड्याच्या मागच्या खुराजवळ, झग्याच्या काठाखाली, शिल्पकाराचं नाव आणि साल कोरलेलं असतं, आणि बऱ्याचदा त्याच्यापासून थोडं लांब ओतशाळेचं नाव वेगळं असतं. ही दोन वेगळी माणसं, हे विसरू नका, एकाने घडवलं, दुसऱ्याने ओतलं, आणि ओतणारा ओतारी पण तितकाच मोठा कारागीर असतो. अक्षरं पुसट असतील तर त्यांच्यात खडू किंवा पावडर भरायची नाही, टॉर्च अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून तिरका धरायचा, संध्याकाळी केलं तर अजून चांगलं, सावलीने अक्षरं उठून दिसतात. साल रोमन आकड्यात असेल तर घाबरायचं कारण नाही, एम म्हणजे 1000, डी 500, सी 100, एल 50, एक्स 10, व्ही 5, आय 1, मोठ्याच्या आधी छोटा आला तर वजा, नाहीतर बेरीज.

आणि मग पाटी. इथे बसून वाचा, फोनमध्ये नोट उघडा. तीन सालं शोधायची: राजा कधी होऊन गेला, कोनशिला कधी बसवली, अनावरण कधी झालं. मग त्या सालांमधलं अंतर मोजायचं, आणि जी नावं राजाची नाहीत ती एकेक लिहून काढायची. फाल्कोनेच्या पीटरच्या खाली जो प्रचंड ग्रॅनाइटचा खडक आहे, हजार टनांहून जास्त वजनाचा, लांबून ओढत आणलेला, त्याच्यावर एका बाजूला लॅटिनमध्ये आणि दुसऱ्या बाजूला रशियनमध्ये एवढंच कोरलंय की पहिल्या पीटरला दुसरी कॅथरीन, 1782. बस. कॅथरीन मूळची जर्मन राजकन्या, नवऱ्याला गादीवरून काढून राणी झाली, पीटरच्या घराण्याशी तिचं रक्ताचं नातं नाही, आणि तिने खडकावर आपलं नाव पीटरच्या नावाला लावून कोरून घेतलं. गादीवर आपला हक्क आहे हे सांगायला याहून चांगली जागा तिला मिळाली नसती. पाटी अशी वाचायची असते.

पुण्याच्या पुतळ्याला पण हेच लावून बघा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला, कोनशिला 1921 साली बसवली ती प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून, म्हणजे इंग्लंडच्या गादीच्या वारसाकडून, शाहू महाराज 1922 मध्ये गेले, आणि अनावरण 1928 ला. कोनशिला बसवली तेव्हा पहिलं महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, मराठा पलटणी ब्रिटिशांच्या बाजूने लढून आलेल्या, आणि त्याच वेळी शिवाजी महाराज हे स्वातंत्र्य मागणाऱ्यांचं पण सगळ्यात मोठं नाव. एका पुतळ्याभोवती किती जणांना काय काय हवं होतं ते या दोन-तीन सालांतून दिसायला लागतं. मुंबईतला काळा घोडा घ्या, सातव्या एडवर्डचा, पण पुतळा 1879 चा आणि एडवर्ड राजा झाला 1901 ला, म्हणजे बसवला तेव्हा तो युवराज होता, नुकताच 1875-76 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेलेला, आणि पैसे दिले अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने. व्हिक्टोरिया राणीचा मुंबईतला संगमरवरी पुतळा दिला बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी, 1872 ला अनावरण. संस्थानिकाने, व्यापाऱ्याने असे पुतळे का दिले, त्यातून काय मिळवलं, काय टिकवलं, हे विचारलं की पुतळा बोलायला लागतो.

त्यानंतरचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, तो म्हणजे हा पुतळा पहिल्यापासून इथेच होता का. बागेतल्या पुतळ्यांच्या बाबतीत तर हा विचाराच, कारण चौकातून काढलेला राजा ठेवायला बाग ही सोयीची जागा असते. काळा घोडा 1965 ला फोर्टमधून काढला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, नाव मात्र त्या भागाला तेच राहिलं, 2017 ला तिथे स्वार नसलेला नवीन काळा घोडा बसवला. दिल्लीत इंडिया गेटसमोरच्या छत्रीखाली पाचव्या जॉर्जचा संगमरवरी पुतळा होता, तो 1968 मध्ये हलवून कोरोनेशन पार्कमध्ये नेला, छत्री कितीतरी वर्षं रिकामी होती आणि 2022 ला तिथे नेताजींचा पुतळा आला. हलवल्याच्या खुणा ओळखता येतात, चौथरा पुतळ्याच्या मानाने फार बुटका किंवा नवीन सिमेंटचा, पाटीचा दगड वेगळा, राजाचं तोंड झाडीकडे किंवा कंपाउंडच्या भिंतीकडे. जुना पुतळा नेहमी कुठेतरी बघत असतो, रस्त्याकडे, बंदराकडे, राजवाड्याकडे, आणि समोर काहीच नसेल तर समजायचं की त्याची जागा ही नव्हे.

पुतळाच नसेल तरी बघायला असतं. न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन बागेत 1770 साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला अश्वारूढ पुतळा बसवला होता, 9 जुलै 1776 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवल्यावर लोकांनी तो ओढून पाडला, आणि शिसं असल्यामुळे त्याच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. राजा गेला, पण बागेचं लोखंडी कुंपण आजही आहे, आणि त्याच्या खांबांच्या टोकांवरचे शोभेचे भाग कापून टाकलेले दिसतात. पहिल्या चार्ल्सचं उलट झालं, राजाचा शिरच्छेद झाल्यावर पुतळा मोडायला म्हणून जॉन रिव्हेट नावाच्या धातूकाम करणाऱ्याला विकला, त्याने तो पुरून ठेवला, राजेशाही परत आल्यावर तो बाहेर निघाला आणि 1670 च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉसला उभा राहिला, अजून आहे. म्हणून चौथरे, कुंपणं, रिकाम्या जागा, बुजवलेली भोकं, सगळं बघा.

एक कळकळीची विनंती, पुतळा साफ करायला जाऊ नका. अॅसिड नको, तारेचा ब्रश नको, चिंच-लिंबू नको, आणि रंग तर अजिबात नको, ऑइल पेंटचे थर चढले की बारीक कोरीवकाम बुजतं आणि आत ओलावा अडकतो, तो काढायला नंतर तज्ञांना फार कष्ट पडतात. ब्राँझची निगा म्हणजे साधं पाणी, मऊ ब्रश, सौम्य न्यूट्रल साबण आणि वरून मेणाचा पातळ थर, पण ते सुद्धा संवर्धन करणाऱ्याच्या देखरेखीखाली. तुमचं काम नजर ठेवायचं. पोटाखाली किंवा खुरांपाशी पाणी निचरायला छोटी भोकं असतात, ती मातीने बंद झालीत का, कुठे तडा आहे का, सांध्यातून गंजाचं पाणी येतंय का, येत असेल तर आतला लोखंडी सांगाडा गंजतोय आणि गंज फुगला की बाहेरचं ब्राँझ फाटतं. दिसलं की बागेच्या ऑफिसला लेखी द्या, फोटोसकट, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

फोटो काढायचे ते आठही दिशांनी, एकाच अंतरावरून, मग चेहरा, हात, सही, ओतशाळेचं नाव, पाटी पूर्ण आणि पाटी जवळून, आणि जिथे नुकसान दिसतंय तिथे शेजारी मोजपट्टी धरून. ब्राँझ काळपट आणि मागे उजळ आकाश, त्यामुळे फोन राजाला नुसती सावली करून टाकतो, स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावा आणि ब्राइटनेस वर ओढा. घरी आल्यावर अनावरणाची तारीख घेऊन त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं शोधा, जुनी वर्तमानपत्रं बऱ्याच लायब्रऱ्यांनी स्कॅन केलीत, त्यात भाषणं असतात, देणगीदारांची यादी असते, कोण आलं आणि कोण मुद्दाम आलं नाही ते असतं. जुनी पोस्टकार्डं पण शोधा, पुतळ्यांची पोस्टकार्डं भरपूर छापली जायची, त्यात मूळ जागा, मूळ चौथरा, आता नसलेला राजदंड किंवा कुंपण दिसतं. तुमचा फोटो आणि पोस्टकार्ड शेजारी ठेवून एकेक फरक लिहून काढा. आणि प्रत्येक फोटोच्या नावात तारीख टाका, कारण हिरवे ओघळ आणि तडे किती वाढले हे कळायला पुढच्या माणसाला तुमचा हाच फोटो लागणार आहे.